रुईच्या कुळातले, पण चीक नसलेले

न्यू जर्सीतील आमच्या घराच्या दक्षिणेला, उन्हाळ्यात जिथे गवतही करपते अशा रेताड पट्ट्यात, मी ४ वर्षांपूर्वी ‘बटरफ्लाय वीड’ म्हणजेच ॲस्क्लेपियस ट्युबरोसा या मिल्कवीडचे बी पेरले. हे उत्तर अमेरिकेचे रानफूल आपल्या रुईच्याच कुळातले आहे; मात्र पान तोडल्यावर चीक आलाच नाही, तेव्हा बी भलतेच निघाले की काय, अशी शंका आली. बहुतेक मिल्कवीडांना पांढरा चीक असतो, याचा रस तेवढा पाण्यासारखा निघतो.

बियांना उगवण्यापूर्वी थंडी आणि ओल दोन्ही लागतात, म्हणून ओलसर वाळूत मिसळलेले बी ६ आठवडे फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीशेजारी, ठेवले होते. पहिल्या वर्षी वीतभर पाने आली, फूल नाही. कारण झाडाची सारी शक्ती गाजरासारखे सोटमूळ खोल नेण्यात जाते. हे ठाऊक नसताना मी एक रोप उपटून दुसरीकडे लावले आणि ते गमावले. वसंतात हे झाड फार उशिरा जागे होते. एकदा मे महिन्यात, ते मेले असे समजून मी खुरपे चालवले आणि वर येणारा कोंबच कापला. आता प्रत्येक झाडाशेजारी बांबूची काडी रोवलेली असते.

तिसऱ्या वर्षी जूनमध्ये केशरी गुच्छ आले, आणि पाठोपाठ पिवळा मावाही. रुईवर आणि कण्हेरीवर दिसतो, तोच हा. औषध न फवारता, आधी पानांखाली मोनार्क फुलपाखराची अंडी नाहीत ना हे पाहून, मी तो पाण्याच्या धारेने पाडते. खरे सांगायचे तर अंडी घालायला मोनार्कला कॉमन मिल्कवीड अधिक आवडते, पण ते जमिनीखालून वाटेल तिकडे पसरते. रुईवर वाढणारा आपला बिबळ्या कडवा या मोनार्कचाच भाऊबंद. दोघांच्याही अळ्या अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे मिरवतात.

सप्टेंबरमध्ये शेंगा तडकण्याआधी मी त्यांना दोरा बांधते, म्हणजे बी हाती लागते. एक शेंग मात्र मुद्दाम मोकळी ठेवते. गेल्या वर्षी तिच्यातल्या बियांच्या रेशमी म्हाताऱ्या उडत शेजाऱ्यांच्या कातरलेल्या हिरवळीवर जाऊन बसल्या होत्या.