केबिनमधला धुराचा वास: तिसऱ्या इंजेक्टरपर्यंतचा माग

ओडोमीटर १,४२,३१०

गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक, चार सिलिंडर, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल; इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग). पावसाळा संपल्यापासून आत धुराचा वास यायला लागला. आधी वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. मग रिकाम्या रस्त्यावरही आला. आई साताऱ्याहून पुण्याला येताना मागच्या सीटवर बसते. ती म्हणाली, "गाडीत बसलं की डोकं जड होतं रे." दुसऱ्यांदा तेच म्हणाली, तेव्हा बाकीची सगळी कामं बाजूला ठेवून हे हातात घेतलं. तिला तोवर एसटीनं यायला सांगितलं.

एका गॅरेजात केबिन फिल्टर बदलून दिला होता. त्यानं काही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. साधा फिल्टर धूळ अडवतो, वायू अडवत नाही.

पहिली खरेदी कार्बन मोनॉक्साइडच्या मीटरची. डिझेल इंजिन जास्तीच्या हवेवर चालतं, म्हणून पेट्रोलपेक्षा हा वायू त्यात कमी असतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि त्याला स्वतःचा वास नसतो. नाकाला जे झोंबतं ते आल्डिहाइड आणि अर्धवट जळलेलं इंधन. मीटर घेताना आकडा दाखवणाराच घ्या. घरात लावायचे अलार्म युरोपीय मानकाप्रमाणे ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) साठ ते नव्वद मिनिटांनी वाजतात, ३० पीपीएमला तर दोन तास वाजायचेच नाहीत असं ठरलेलं आहे. अलार्म गप्प आहे म्हणून हवा स्वच्छ आहे असं धरून चालू नका. आणि डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होऊ शकतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत टाकलंय. शोध लागेपर्यंत मी काचा उघड्या ठेवूनच गाडी चालवली.

ओडोमीटर १,४२,५८०

आठवडाभर पाना हातात घेतला नाही, फक्त वही घेतली. वास कधी येतो, कुठे येतो, ब्लोअर कसा आहे, काचा कशा आहेत, सगळं लिहून काढलं. माझ्या मते या अख्ख्या कामातला हाच सगळ्यात मोलाचा आठवडा.

आधी वासाची जात ठरवली. कच्च्या डिझेलचा वास आला तर रिटर्न लाइन किंवा फिल्टर बघायचा. तव्यावर तेल करपल्यासारखा आला तर टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून ऑइल धुराच्या गरम मॅनिफोल्डवर पडतंय का ते बघायचं. माझा वास सायलेन्सरमागे उभं राहिल्यावर येतो तसा, डोळ्यांत पाणी आणणारा.

वहीत दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. एक, खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलो की दोन मिनिटांत वास भरतो आणि मीटर ६ ते ८ दाखवतो. ब्लोअर आतल्या हवेवर टाकला की हळूहळू ओसरतो, बाहेरच्या हवेवर टाकला की पुन्हा येतो. दोन, हायवेला ऐंशीच्या वेगात मागच्या काचा थोड्या उघडल्या की मागच्या सीटवर वेगळा, मंद वास येतो. तिथे ब्लोअर कसाही ठेवा, फरक नाही.

म्हणजे वाटा दोन होत्या. मी तोवर एकच शोधत होतो.

ओडोमीटर १,४२,६४०

सोपी वाट आधी बंद केली. गाडी पळते तेव्हा तिच्या पाठीमागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथे घुटमळतो. मागच्या काचा उघडल्या की केबिनमधली हवा बाहेर ओढली जाते आणि तिची जागा भरायला डिकीच्या फटीतून तोच धूर आत शिरतो.

तपासणी कागदाच्या पट्टीनं. डिकीच्या रबरावर पट्टी ठेवायची, दार लावायचं आणि ओढायची. सगळीकडे घट्ट बसली, डाव्या खालच्या कोपऱ्यात मात्र लोण्यातून सुरी निघावी तशी निघून आली. रबर तिथे दबून चपटं झालं होतं. नवीन रबर बसवलं, दाराचं कुलूप किंचित आत सरकवलं. टेललॅम्पच्या मागचे ग्रोमेट (वायरीच्या भोकांतली रबरी बुचं) हेही बघितले, ते ठीक होते. हायवेचा वास गेला. टोलनाक्याचा तसाच राहिला.

ओडोमीटर १,४२,७१५

आता बोनेट. पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना प्लास्टिकचं कव्हर काढून सेल मारला. पहिली तीस-चाळीस सेकंद नीट कान दिला तर टॉक-टॉकच्या आत एक बारीक छुक-छुक ऐकू येत होती. इंजिन तापलं की ती विरून जायची. गॅरेजात गाडी कायम गरमच पोचते, त्यामुळे तिथे ती कुणाच्या कानावर पडली नसणार.

संशयाची यादी मोठी होती: मॅनिफोल्डचं गॅस्केट, टर्बोनंतरचा जोड, ईजीआरचा (थोडा धूर पुन्हा इंजिनात नेणारा) पाइप, खालचा फ्लेक्झिबल तुकडा. खालचे जोड तपासायला व्हॅक्युम क्लीनरची उलटी हवा सायलेन्सरच्या तोंडातून भरली आणि जोडांवर साबणाचं पाणी फवारलं. कुठेही फेस नाही.

मग टॉर्च लावून इंजेक्टरांच्या मुळाशी बघितलं. पहिला, दुसरा आणि चौथा धुळीनं करडे. तिसऱ्याच्या बुडाशी मात्र काळा, चकचकीत, दगडासारखा थर. गुऱ्हाळात कढईच्या काठाला काकवी जळून चिकटते, अगदी तसा. थोडं साबणपाणी त्याच्या कडेला सोडलं, सेल मारला. इंजिनच्या ठोक्याबरोबर बुडबुडे. एक फुटतोय, दुसरा फुगतोय. मी पाच मिनिटं नुसता तिथे वाकून बघत होतो. इतक्या आठवड्यांनी चोर डोळ्यांसमोर श्वास घेत होता.

इंजेक्टरच्या टोकाखाली तांब्याचा पातळ वॉशर असतो. सिलिंडरमधला शंभर बारच्या वरचा दाब तोच एकटा अडवून धरतो. त्याखाली कार्बनचा कण अडकला किंवा क्लॅम्प सैल पडला की धूर वर येतो, वाटेत डांबर साचवतो आणि उरलेला वायपरखालच्या जाळीतून थेट ब्लोअरमध्ये जातो.

ओडोमीटर १,४२,७२०

इंजेक्टर काढायचं काम एकट्यानं केलं नाही. पंप-नोझलची कामं करणारे ओळखीचे अण्णा आले. तीन दिवस आधीपासून मी रोज रात्री बुडाशी पेनिट्रेटिंग ऑइल सोडत होतो. तरी हलेना. मी स्लाइड हॅमर (ठोक्यानं ओढून काढायचं अवजार) उचलला, तर अण्णा म्हणाले, "ओढू नका. आधी फिरवा, डावीकडे, उजवीकडे. कार्बन तुटला की तो स्वतःच सुटतो." अर्धा तास दोन्ही बाजूंना केसभर फिरवला. मग हॅमरच्या चौथ्या ठोक्याला निघाला.

जुना वॉशर हातात घेतला. एका बाजूनं तांबूस, गुळगुळीत. दुसऱ्या बाजूवर आतून बाहेरपर्यंत केसाएवढी काळी रेघ. सगळा त्रास त्या रेघेतून येत होता.

पुढचं काम घाईचं नाही. भोकात ग्रीस लावलेला कापडाचा बोळा, म्हणजे कार्बन सिलिंडरमध्ये पडणार नाही. सीट कटर (वॉशर बसतो ती जागा, म्हणजे सीट, साफ करणारं अवजार) हातानंच, दाब न देता, चार-पाच फेरे, प्रत्येक फेऱ्यानंतर सफाई, सीट आरशासारखी एकसारखी दिसेपर्यंत. वॉशर नवीनच आणि मूळ जाडीचाच, कारण नोझल ज्वलनकक्षात किती डोकावतो ते त्या जाडीवर ठरतं. जुना वॉशर एकदा दाबला गेला की कडक होतो, त्याला पुन्हा वापरू नका. क्लॅम्पचा बोल्टही नवा घेतला आणि आपल्या इंजिनच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कनं (पिळाच्या जोरानं), मग ठरलेले अंश फिरवून आवळला. इंजेक्टर ज्या सिलिंडरचा त्याच सिलिंडरवर गेला पाहिजे, त्यांचे कोड ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) नोंदलेले असतात. आणि चालू इंजिनवर हाय प्रेशर पाइपचा नट कधीही सैल करू नका. ती धार कातडी फोडून आत जाते.

सेल मारला. छुक-छुक नाही. साबणपाणी सोडलं, तर ते नुसतं साचून राहिलं.

ओडोमीटर १,४३,३९०

साताऱ्याला तीन फेऱ्या झाल्या. टोलनाक्यावर ब्लोअर बाहेरच्या हवेवर ठेवून मुद्दाम थांबलो, एसी बंद, काचा बंद. पुढे ट्रक असेल तर मीटर १-२ दाखवतो आणि ट्रक हलला की शून्यावर येतो. गेल्या रविवारी आई सोबत होती. खंबाटकीच्या बोगद्यानंतर झोपली ती कात्रजलाच उठली.

एक काम राहिलंय. बोनेटच्या मागच्या कडेला, पुढच्या काचेपाशी एक रबराची पट्टी असते. इंजिनाची हवा जाळीकडे जाऊ नये म्हणून ती दिलेली आहे. माझी टणक झाली आहे आणि उजवीकडचे दोन क्लिप नाहीत, बहुधा बोनेटच्या रंगकामात गेले. गळती बंद असली तरी ही पट्टी अशी ठेवायची नाही. ऑर्डर दिली आहे, शुक्रवारी येईल. बसवताना बाकीच्या तिन्ही इंजेक्टरांच्या बुडाशी साबणपाणी पुन्हा सोडून बघतो. दुसऱ्याच्या कडेला मला परवा किंचित ओलसर काळपट दिसलं.