रिकी नेल्सन, महिना पाचवा: सोलो हाताखाली आला

परवा रात्री अमेरिकन गायक रिकी नेल्सनच्या ‘हॅलो मेरी लू’मधला सोलो, म्हणजे गाणं थांबून गिटार एकटी वाजते तो भाग, पहिल्यांदाच सलग वाजला. वेग अजून मूळ रेकॉर्डच्या ऐंशी टक्केच आहे, पण कुठे अडखळलो नाही. सोलो संपल्यावर गिटार मांडीवर ठेवून दोन मिनिटं नुसता बसून होतो.

नव्याने येणाऱ्यांसाठी सांगतो. मी रिकी नेल्सनची गाणी १९५७ पासून क्रमाने वाजवत पुढे येतोय. त्या वर्षी एप्रिलमध्ये, सतरा पूर्ण व्हायच्या आधी, त्यानं घरच्यांच्याच टीव्ही मालिकेत फॅट्स डॉमिनोचं ‘आय एम वॉकिन’ गायलं आणि अमेरिकेतल्या पोरी वेड्या झाल्या. मैत्रीण एल्विसवर फिदा होती, म्हणून ‘मीही रेकॉर्ड काढतोय’ असं तिला सांगून बसला, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९५८ मध्ये, बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-मासिकाची लोकप्रिय गाण्यांची ‘हॉट १००’ यादी सुरू झाली आणि तिच्यावरचं पहिलं अव्वल गाणं त्याचं होतं, ‘पुअर लिटल फूल’. एवढ्यामुळे ‘टीव्हीवरचा देखणा मुलगा’ हा शिक्का बसला तो कायमचाच. मला तो शिक्का अन्यायाचा वाटतो. का ते हात चालायला लागल्यावर जास्त पटलं.

त्याच्या मागे गिटारवर जेम्स बर्टन होता, लुईझियानातल्या श्रीव्हपोर्टचा, रिकीपेक्षा जेमतेम काही महिन्यांनी मोठा. बर्टनने आपल्या टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या पहिल्या चार तारा काढून तिथे बॅन्जोच्या बारीक तारा चढवल्या होत्या. त्या काळी तिसरी तार गुंडाळलेली, जाड असायची, ओढायला नको म्हणायची. बॅन्जोची तार बोटाच्या एका ढकलीत पूर्ण स्वर वर जाते. ‘बिलीव्ह व्हॉट यू से’मधला तो ताणलेला, रबरासारखा आवाज तिथून येतो. मी दोन महिने जाड तारांच्या संचावर झगडलो, तर्जनीची कातडी सोलली. हलका संच चढवल्यावर पहिल्याच संध्याकाळी तो आवाज निघाला.

उजव्या हाताचं मात्र सोपं नाही. अंगठा आणि तर्जनीत पिक (तार छेडायची छोटी चकती), शिवाय मधल्या बोटात वेगळा फिंगरपिक, म्हणजे बोटावर चढवायची नखी. माझं मधलं बोट सारखं उशिरा पोचायचं. उपाय एकच लागू पडला: डावा हात अजिबात न वापरता, मोकळ्या तारांवर रोज दहा मिनिटं नुसतं पिक-बोट, पिक-बोट.

पण या महिन्यातलं खरं शिक्षण गाण्याचं आहे. मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं, तर माझा आवाज गिटारच्या अंगावर चाललेला. मग ‘हॅलो मेरी लू’ची १९६१ ची मूळ रेकॉर्ड पुन्हा लावली. रिकी ओरडतच नाही. जवळ बसून बोलल्यासारखा गातो, ओळ संपली की बाजूला होतो आणि बर्टनला अख्खं अंगण मोकळं करून देतो. ज्याच्या नावावर रेकॉर्ड खपते त्यानं साथीदाराला इतकी जागा द्यावी, याला कान लागतो आणि मनही. आता मी मायक्रोफोनजवळ सरकून निम्म्या आवाजात गातोय. दुसऱ्या कडव्यात अजून जोर चढतो.

पुढच्या महिन्यात दहा वर्षं पुढे उडी मारणार, रिकीच्या नंतरच्या वाद्यवृंदाच्या, स्टोन कॅन्यन बँडच्या काळात. ऑक्टोबर १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या मोठ्या सभागृहात तो लांब केस आणि नवी गाणी घेऊन गेला, प्रेक्षकांतून हुर्यो उठली. त्या रात्रीवर त्यानं स्वतः ‘गार्डन पार्टी’ लिहिलं आणि १९७२ मध्ये ते सहाव्या क्रमांकापर्यंत चढलं. १९८५ च्या शेवटच्या दिवशी टेक्ससमध्ये विमान कोसळून तो गेला, तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता. ‘गार्डन पार्टी’ची चाल सोपी आहे, कॉर्ड कालच लिहून काढल्या. गाताना मात्र घाई करायची नाही, एवढं वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.