परदेशातल्या तुरुंगातला माणूस आणि वकिलात: माझा अनुभव

घरच्यांचं वकिलातीला पहिलं वाक्य असतं, "त्याला सोडवा." ते तिच्या हातात नसतं. वकिलातींचे हक्क आणि कामं ठरवणाऱ्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार वकिलातीचा अधिकारी कैद्याला भेटू शकतो, त्याच्याशी पत्रव्यवहार करू शकतो, वकिलाची सोय लावू शकतो. त्यामुळे अर्जात मी सुटका मागत नाही, "भेट मागा आणि भेटीची तारीख कळवा" असं लिहितो.

पहिली गोची इथेच होते. या कलमाप्रमाणे पोलिसांनी वकिलातीला कळवायचं ते कैद्याने मागितलं तर. हा हक्क त्याला सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे, पण न सांगण्याचे प्रकार घडतात. म्हणून त्यांच्यावर विसंबू नये, घरच्यांनी त्याच दिवशी लेखी ईमेल टाकावा. पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, अटकेची तारीख आणि जागा, आरोप, चालू औषधं आणि त्यांचं प्रमाण. नावाचं स्पेलिंग तुरुंगाच्या नोंदीत वेगळं पडलं की "असा कैदी इथे नाही" हे उत्तर येतं, म्हणून संभाव्य स्पेलिंगंही जोडावीत.

दुसरं म्हणजे संमतीपत्र. बऱ्याच देशांच्या वकिलाती कैद्याच्या सहीशिवाय आईवडिलांनाही माहिती देत नाहीत. पहिल्याच भेटीत सही घ्या, अशी विनंती अर्जातच करावी. न समजणाऱ्या भाषेतल्या जबाबावर सही करू नकोस, दुभाषा माग, हा निरोपही त्याच भेटीत पोचायला हवा. (भेटीत पोलीस ऐकत असतात असं धरूनच बोलावं.)

निर्दोष असल्याचा पुरावा जमवणं वकिलातीचं काम नाही, आणि वेळ वाया जातो तो इथे. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुसलं जातं. ते जपून ठेवण्याची मागणी स्थानिक वकिलाकडून लगेच जायला हवी. वकिलात देते ती वकिलांची यादी असते, शिफारस नव्हे. फौजदारी खटले चालवणाराच निवडा, फी लेखी ठरवा.

दुहेरी नागरिकत्व असेल तर अडचण मोठी. अटक करणारा देश त्याला आपलाच नागरिक मानून भेट नाकारू शकतो.

भेट नाकारली तर आधार काय? पाकिस्तानने अटक केलेल्या कुलभूषण जाधव या भारतीयाच्या प्रकरणातला आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १७ जुलै २०१९ चा निकाल. अटकेनंतर सुमारे तीन आठवड्यांनी कळवणं म्हणजे विनाविलंब कळवणं नव्हे, आणि हेरगिरीचा आरोप असला तरी हा हक्क उरतोच, असं न्यायालयाने म्हटलं. सुटकेचा आदेश मात्र दिला नाही, दोषसिद्धी आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करायला सांगितलं.

संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी अटकेवरील कार्यगटाकडेही जाता येतं, आणि त्यासाठी स्थानिक न्यायालयांच्या सगळ्या पायऱ्या संपाव्या लागत नाहीत. पण म्हणून तिथल्या अपिलाची मुदत चुकवू नका. ती काही ठिकाणी मोजक्या दिवसांची असते आणि वकिलात ती वाढवून देऊ शकत नाही.