वरची रिकामी जागा

शाळा सुरू होऊन तिसरा दिवस. ऑगस्टअखेरचा नॉर्थ कॅरोलिनाचा चिकट उकाडा आणि माझा सहावीचा दुसरा तास, साध्या गणिताचा. फळ्यावर मी चौकोनांचा जिना काढला होता. पहिल्या पायरीला एक चौकोन, दुसरीला दोन, तिसरीला तीन. दहा पायऱ्यांना किती चौकोन लागतील? मुलं आलेखाच्या कागदावर चौकोन काढून बोटाने मोजत होती.

मागच्या रांगेतली एक मुलगी मोजत नव्हती. तिने पाचच पायऱ्या काढल्या, कागद उलटा फिरवला आणि त्या जिन्यावर तसाच दुसरा जिना पालथा बसवला. दोन्ही मिळून सरळ आयत झाला. कडेला बारीक अक्षरात 5 × 6, त्याखाली 30, त्याखाली 15. मी शेजारी उभी आहे हे कळताच तिने खोडरबर उचललं.

"खोडू नकोस," मी म्हटलं. "शंभर पायऱ्या असत्या तर?"

तिने छताकडे पाहिलं. "पाच हजार पन्नास, मॅम."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. वर जागा रिकामी दिसत होती."

मी बावीस वर्षं गणित शिकवते. आठ वर्षं कराडला, चौदा इथे, रॉलीजवळ. अशी मुलगी साध्या वर्गाच्या मागच्या रांगेत कशी, या विचाराने उरलेला तास मी कसा घेतला ते आठवत नाही. तिला मागे मीच बसवलं होतं. पहिल्या दिवशी गप्प दिसली, त्रास देणार नाही असं वाटलं, म्हणून.

मोकळ्या तासाला तिची नोंद उघडली. पाचवीच्या अखेरच्या राज्य परीक्षेत गणितात पातळी 5. त्याच्या वर पातळीच नाही.

आमच्या राज्यात 2018 पासून कायदा आहे. ही पातळी गाठलेल्या मुलाला पुढच्या वर्षी वरच्या, म्हणजे जास्त अवघड गणिताच्या वर्गात जागा द्यायची. मूल बुजरं आहे का, शिक्षकाला ते चुणचुणीत वाटतं का, घरून कुणी विचारायला आलं का, यातलं काही बघायचं नाही. काढायचं असेल तर पालकांची लेखी संमती लागते, आणि ही जागा मुलाने परीक्षेतल्या गुणांवर मिळवली आहे हे त्यांना आधी नीट सांगावं लागतं. हा कायदा उगाच आला नाही. 2017 मध्ये रॉलीच्या वर्तमानपत्राने राज्याच्या नोंदी चाळून दाखवलं होतं की वरचे गुण असूनही गरीब घरची मुलं या वर्गांतून बाहेर राहतात.

तिच्या नोंदीत संमतीपत्र होतं. आईची सही, जूनची तारीख.

सही पाहिली आणि क्षणभर मला हायसं वाटलं, हे लिहायलाच हवं. आईनेच नको म्हटलंय, आपण कशाला मध्ये पडा. मग एक मुलगा आठवला. बऱ्याच वर्षांपूर्वीचा, कायद्याच्या आधीचा. तोही तिच्यासारखा ब्लॅक, तोही गप्प, तेवढाच हुशार. वरच्या वर्गासाठी शिफारस मागितली तेव्हा मी लिहिलं होतं, "आधी जरा रुळू दे." तो रुळला. बारावीपर्यंत साध्याच वर्गात रुळलेला राहिला. इथलं गणित उतरंडीसारखं रचलेलं असतं. मॅथ वन आठवीत झालं तर नववीत टू, दहावीत थ्री, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस. तेच मॅथ वन नववीत सुरू झालं की कॅल्क्युलसपर्यंत पोचता पोचता शाळा संपते. इंजिनिअरिंगला जाऊ पाहणाऱ्या मुलाच्या अर्जात ती ओळ नसते. ती का नाही, हे अर्ज वाचणाऱ्याला कुठून कळणार? अकराव्या वर्षी कुणीतरी प्रेमाने "रुळू दे" म्हणालं होतं, म्हणून नाही.

(मी ‘ब्लॅक’ लिहिते, कारण इथली माणसं स्वतःला तेच म्हणवतात. ‘कृष्णवर्णीय’ म्हटलं की मला ती माणसं वर्तमानपत्रातली वाटतात, आणि ‘काळी’ हा शब्द आपण घरात लग्नाच्या गोष्टी करताना इतका नासवलाय की तो त्यांच्यासाठी जिभेवर येत नाही.)

जेवणाच्या सुट्टीत विज्ञानाच्या बाईंकडे गेले. त्या ब्लॅक आहेत, ग्रीन्सबरोच्या ए अँड टी कॉलेजमध्ये शिकलेल्या. 1960 साली ज्या चार मुलांनी गोऱ्यांसाठी राखलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसायचं धाडस केलं, ती त्याच कॉलेजची. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्या वर्गात तिच्यासारखी किती आहेत?"

"एक मुलगा."

"मग तिला एकटीला पाठवू नकोस. दोन आठवड्यांत परत येईल, आणि सगळे म्हणतील, झेपलं नाही."

मला हे सुचलं नव्हतं. मी एका मुलीची चूक दुरुस्त करायला निघाले होते. बाईंमुळे ऑफिसात जाऊन सहावीची सगळी संमतीपत्रं मागून घेतली. अकरा निघाली. त्यातली आठ ब्लॅक मुलांची. आमच्या शाळेत ब्लॅक मुलं चौथा हिस्साही नाहीत. अक्षरं वेगवेगळी, पण कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी छापल्यासारखं एकच: ‘आत्मविश्वास वाढावा म्हणून.’

एकही भारतीय नाव नव्हतं. असेल कसं? आपल्या पालकांना मी चांगली ओळखते, गणपतीत एकाच पंगतीला जेवतो आम्ही. मुलाला वरचा वर्ग मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मेल येतो, दुपारी फोन, तिसऱ्या दिवशी आई-बाप दोघं हजर. त्यात वाईट काही नाही, मुलासाठी भांडावंच. पण जून 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने हार्वर्डबरोबर आमच्या शेजारच्या चॅपल हिलच्या विद्यापीठातलीही वंशाचा विचार करून होणारी प्रवेशपद्धत रद्द केली, तेव्हा मराठी मंडळाच्या ग्रुपवर "आता खरी गुणवत्ता" असे निरोप फिरले. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज ते अकरा कागद हातात होते. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती इथल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. आपण शाळेत ते अभिमानाने वाचलेलं असतं. पण त्या मुक्त झालेल्यांच्या वंशजांच्या शेजारी राहायला आल्यावर, मंडळात त्यांचा विषय निघाला तो प्रवेशाच्या हिशेबापुरता.

संध्याकाळी त्या मुलीच्या आईला फोन केला. ती नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करते. "काय केलं तिने?" हा तिचा पहिला प्रश्न. शाळेचा फोन म्हणजे तक्रार, एवढंच तिला माहीत. मी म्हटलं, "गणित केलं." पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "सातला सुटते, सव्वासातला येते."

आली तेव्हा कामाचा निळा गणवेश अंगावर, डोळे तांबारलेले. मी ते जिन्याचं पान पुढे केलं. तिने ते फिरवून फिरवून पाहिलं, मग पालथ्या जिन्यावर बोट ठेवलं. "असं तर ती लहानपणापासून करते. फरशा बघितल्या की."

मग सहीचं निघालं. जूनमध्ये प्रवेशाचे बरेच कागद एकदम आले होते. बसचा, जेवणाचा, लसींचा, आणि त्यातच हा. कुणीतरी फोनवर म्हणालं होतं की वरच्या वर्गात गृहपाठ फार असतो, सुरुवात साध्याने केलेली बरी. परीक्षेत 5 आले होते, ही जागा लेकीची हक्काची होती, हे कुणी सांगितलं नव्हतं. "मला वाटलं, मी अर्ज केला नाही म्हणून तसं," ती म्हणाली. कागदावर तिचीच सही होती. तिने ती अंगठ्याने झाकून धरली.

"मलाही आकडे यायचे," ती खाली बघत म्हणाली. पुढे काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

माझ्या भिंतीवर बॉब मोझेस यांचा फोटो आहे. तिची नजर तिथे गेली. मिसिसिपीत ब्लॅक लोकांच्या मतदार नोंदणीसाठी जिवावर उदार होऊन काम केलेला हा माणूस 1982 पासून शाळांमधून बीजगणित शिकवत हिंडला. मताच्या हक्काइतकाच बीजगणिताचाही हक्क आहे, असं तो मानायचा. ज्या संघटनेत त्याने काम केलं, तिची पहिली बैठक 1960 च्या एप्रिलमध्ये रॉलीतल्याच शॉ विद्यापीठात झाली होती. मी सांगितलं तशी ती म्हणाली, "शॉला माझी आत्या होती." आणि लगेच, सरळ माझ्याकडे बघून: "माझी लेक त्या वर्गात अडखळली, तर तुम्ही तिला अडखळू द्याल? की पहिल्या वाईट परीक्षेला परत खाली पाठवाल?"

इतका नेमका प्रश्न मला कुठल्या पालकाने विचारला नव्हता. मी म्हटलं, पहिल्या परीक्षेत गुण कमी पडतील, कारण मधला काही भाग तिला शिकवलेलाच नाही. तो मी बुधवारी जेवणाच्या सुट्टीत भरून काढीन. परत पाठवायचा निर्णय तुमच्याशिवाय कुणी घेणार नाही. आणि ती एकटी जाणार नाही.

मुलांचे वर्ग लावणाऱ्या काउन्सेलरकडचं लवकर आटपलं. वर्ग भरलाय, वेळापत्रकं लागलीत, आणि "तिचा आत्मविश्वास..." मी कायद्याचा परिच्छेद छापून नेला होता. "पुरेशी माहिती देऊन" या शब्दांखाली रेघ होती. मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला आणि जुन्या संमतीपत्रावर आईकडून नवी सही घेतली, संमती मागे घेतल्याची. बाकीच्या घरांना फोन करायची परवानगीही दिली. विज्ञानाच्या बाई आणि मी दुपारभर फोन करत होतो. बाईंचा आवाज ऐकला की पलीकडचा आवाज सैल व्हायचा, हे मी शेजारी बसून ऐकत होते. याच राज्याच्या नोंदींवरून 2017 मध्ये अभ्यासकांनी दाखवलंय की तिसरी ते पाचवीत एक जरी ब्लॅक शिक्षक मिळाला, तरी गरीब घरच्या ब्लॅक मुलग्यांचं पुढे शाळा सोडण्याचं प्रमाण बरंच घटतं. मी कितीही जीव लावला तरी त्या बाईंची जागा मला घेता येणार नाही. आमच्या गणित विभागात असं एकही माणूस नाही, आणि ही माझ्या मते संमतीपत्रांहून मोठी गोष्ट आहे.

त्या आठवड्यात चौघं वर गेली. एका आईने नको म्हटलं, नीट समजून घेऊन, तिची कारणं होती. बाकीचे फोन पुढे चालू राहिले. चौघांना मी वर्गभर विखरून बसवलं नाही, एकाच टेबलाशी बसवलं. पहिल्या परीक्षेत तिला 68 पडले. पेपर घडी करून दप्तराच्या तळाशी गेला. मी आईला त्याच संध्याकाळी कळवलं, तिचं उत्तर आलं: "बुधवारी डबा जास्त देते, दोघींना."

त्या बुधवारी मी लाकडी ठोकळे काढले. जिना आता उंचीने आणि रुंदीने वाढत होता: खाली नऊ ठोकळे, वर चार, वर एक. तिने तसाच दुसरा रचला आणि पहिल्यावर पालथा घालून पाहिला. आयताकृती ठोकळा होईना. तिसरा रचला. तरी कोपरे मोकळेच.

"किती लागतात, मॅम?"

सहा लागतात. मी सांगितलं नाही, कपाटातून ठोकळ्यांची दुसरी पेटी काढली. तोवर ती शेजारच्या टेबलावरच्या तिघांना हाका मारत होती, अजून हात हवे होते म्हणून.