आंबोलीच्या रानातला नरक्या

ऐन श्रावणात आंबोलीला जाणारे बहुतेक जण धबधब्यासाठी जातात. मला मात्र तिथला नरक्या नावाचा वृक्ष पाहायचा होता. गावातले एक जाणकार काका वाट दाखवायला बरोबर होते. पायवाट सोडून आम्ही रानात शिरलो आणि झाड दिसण्याआधीच त्याच्या फुलांची दुर्गंधी नाकात शिरली. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढलेले ते मध्यम उंचीचे झाड होते. साल सुरकुतलेली, फांद्यांवर गळलेल्या पानांचे ठळक वण आणि टोकांना बारीक, पिवळसर पांढऱ्या फुलांचे झुबके. एक फूल जवळून पाहिले, तर पाकळ्यांच्या आतल्या बाजूला दाट लव होती. त्या वासापुढे मी फार वेळ टिकलो नाही, हे सांगायला हरकत नाही.

या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचे औषधी द्रव्य असते. अमेरिकेत मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून ते वेगळे केले. पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना ते आपल्या नरक्यातही सापडले. त्यापासून बनवलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या कर्करोगावरील औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि सह्याद्रीतल्या नरक्यावर कुऱ्हाड पडत गेली ती या मागणीमुळेच.

मग लागवड का होत नाही, हा माझा प्रश्न काकांना नवा नव्हता. त्यांनी परसात फणसाच्या सावलीला रोपे लावली आहेत. नर आणि मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येत असल्याने एकट्यादुकट्या झाडाला फळ धरेलच असे नाही. जांभळे झालेले फळ मिळाले, तरी त्यात बी एकच, आणि तेही रुजायला फार सावकाश. पिशवीतल्या रोपाला भर उन्हात हलवले की ते मान टाकते. "रोप जगवणं जमेल हो, पण त्यात औषध किती उतरलंय ते कोण सांगणार?" असे ते म्हणाले. माझ्या मते खरी अडचण तीच आहे, कारण कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण झाडागणिक आणि जागेगणिक बदलते, ते प्रयोगशाळेतच कळते, आणि शेतकऱ्याला मात्र वर्षानुवर्षे जमीन अडकवून बसावे लागते. द्रव्याचे प्रमाण चांगले असलेले मातृवृक्ष, म्हणजे ज्यांच्यापासून रोपे करायची ती झाडे, आधी निवडल्याशिवाय सरसकट रोपे वाटण्यात मला अर्थ दिसत नाही.

वाटेत एक तोडलेला बुंधा लागला. त्याला चांगले हातभर धुमारे फुटले होते. जमिनीपासून थोडे वर कापले, तर झाड असे पुन्हा उभे राहते. पण खोडापेक्षा मुळाच्या सालीत औषधी द्रव्य अधिक असते, म्हणून चोरून नेणारे झाड मुळासकट उपटतात. काकांची तक्रार वेगळीच होती: परसातल्या झाडाचे तुकडे आणि रानातून चोरलेले तुकडे दिसायला सारखेच, त्यामुळे उद्या माल विकायला काढला, तर तो आपल्या परसातलाच आहे हे कसे पटवून द्यायचे, याची त्यांना आतापासूनच काळजी लागली आहे.