आमची वाटचाल: खिळ्यांपासून चार कलरपर्यंत

बाबांनी अमळनेरात प्रेस टाकली ती 1988 साली. एक ट्रेडल म्हणजे छोटी छपाईची मशीन, मराठी खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या केसेस आणि ती अक्षरं जुळवायला, म्हणजे कंपोझिंगला, एक काका, एवढाच पसारा. तेव्हा रंग म्हणजे शाईचा डबा. पत्रिका लाल पाहिजे तर लाल डबा उघडायचा, वरचा गणपती लाल आणि खालचा मजकूर निळा पाहिजे असेल तर रोलर रॉकेलने धुवून तोच कागद दुसऱ्यांदा काढायचा. गिऱ्हाईकाने डब्यातला रंग बघितला की कागदावर तोच यायचा, त्यामुळे रंगावरून भांडण झाल्याचं मला आठवतच नाही.

मी प्रेसमध्ये बसायला लागलो तोवर कॉम्प्युटर आला होता, डिझाईन करायचं कोरल ड्रॉ आलं होतं, आणि आम्ही 15 बाय 20 इंची सेकंडहँड सिंगल कलर ऑफसेट, म्हणजे खिळ्यांऐवजी प्लेटवरून एका वेळी एकच रंग छापणारी मशीन, घेतली होती. रंगीत काम मात्र सगळं बाहेर जायचं, कुणी जळगावला, कुणी धुळ्याला. मला ते फार लागायचं, आपल्याच गावचं दुकान आणि त्याचं पॅम्प्लेट छापायला माणूस तासभराचा प्रवास करतोय. म्हणून मी बाबांना म्हटलं, आपण पण चार कलर करू, मशीन सिंगल कलर असली तरी कागद चारदा काढू. बाबा म्हणाले कर, पण आधी रंग शिकून घे. मी शिकलो नाही, आधी ऑर्डर घेतली.

ऑर्डर होती एका क्लासच्या सरांची, 5000 पॅम्प्लेट, आर्ट पेपर म्हणजे गुळगुळीत कागद, पूर्ण पानाला मागे गडद निळा. स्क्रीनवर तो निळा इतका सुंदर दिसत होता की सर पण खूश आणि मी पण. प्रत्येक रंगाची एक अशा प्लेटा आल्या, रात्रभर मशीन चालवली, आणि सकाळी जे हातात आलं ते चक्क जांभळं, वांग्यासारखं. सरांनी एक कागद उचलला, उन्हात धरला आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, हाऊ निया मना नई शे." म्हणजे हा निळा माझा नाही. रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. सगळं काम आमच्या खर्चाने परत छापून दिलं. त्या महिन्यात घरात काय ओढाताण झाली ते आमचं आम्हाला माहीत.

चूक माझी होती, आणि ती नेमकी काय होती हे समजायला मला बरेच दिवस लागले. कॉम्प्युटरची स्क्रीन उजेडाने रंग दाखवते. लाल, हिरवा, निळा असे तीन बारीक दिवे, तिन्ही पूर्ण लावले की पांढरा, तिन्ही बंद केले की काळा. कागदाचं बरोब्बर उलटं. कागद आधीच पांढरा असतो आणि शाई त्याच्यावरचा उजेड खाते. सायन म्हणजे आकाशी शाई लाल उजेड खाते, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी हिरवा खाते, यलो म्हणजे पिवळी निळा खाते. म्हणजे निळा रंग छापायचा तर सायन आणि मॅजेंटा एकावर एक टाकून लाल आणि हिरवा खाऊन टाकायचे, मग निळा उरला पाहिजे. पुस्तकात असं आहे, पण खऱ्या शाया इतक्या शुद्ध नसतात. छापलेला रंग बारीक ठिपक्यांनी बनतो आणि शाईचा आकडा म्हणजे त्या ठिपक्यांनी किती टक्के जागा भरली ते. सॉफ्टवेअरने माझा निळा बदलून सायन 100, मॅजेंटा 100 असा करून ठेवला होता, आणि तो प्रेसवर जांभळाच येतो, कुणीही छापा. आज मी निळ्यात मॅजेंटा सायनपेक्षा निदान 30 टक्के कमी ठेवतो, 100 ला 70, बऱ्याचदा 60, तेव्हा कुठे निळा निळा राहतो.

मग काळा कशाला लागतो, असं मला डिझाईन शिकणारी पोरं विचारतात. तिन्ही शाया एकावर एक टाकल्या तर काळा व्हायला पाहिजे, पण होतो मळकट तपकिरी, शाई पण तिप्पट जाते आणि कागद वाळत नाही. म्हणून चौथी प्लेट काळ्याची. ह्या चार शायांना मिळून सीएमवायके म्हणतात, सायन, मॅजेंटा, यलो आणि शेवटचा के म्हणजे की, बाकीच्या प्लेटा ज्या मुख्य प्लेटला जुळवायच्या ती.

आणि मजकूर फक्त ह्याच प्लेटवर ठेवायचा, हे मी हात जोडून सांगतो. आपली देवनागरी ह्या बाबतीत नाजूक आहे. चारही रंगांनी बनवलेलं काळं अक्षर असलं आणि प्लेट केसभर सरकली तर शिरोरेखेच्या वर गुलाबी आणि खाली निळसर रेघ दिसते. रंगीत पट्टीवर पांढरं बारीक अक्षर असलं तर अनुस्वार भरून जातो, आणि पत्रिकेत अनुस्वार गेला की कुणाच्या तरी घरातल्या माणसाचं नाव चुकतं.

केसभर सरकणं आमच्याकडे तर फारच. एप्रिल-मे मध्ये इथे पारा 44-45 ला जातो, हवा कोरडी ठाक, आणि लग्नसराई, वैशाखात बोरीच्या पात्रात भरणारी सखाराम महाराजांची यात्रा, सगळी कामं नेमकी तेव्हाच. ऑफसेटमध्ये प्लेटला पाणी असतं, कागद ते थोडं पितो आणि वाढतो, मग दोन रंगांच्या मधे रात्रभर पडून राहिला की सुकून आखडतो. सकाळी पिवळा टाकायला जावं तर काल टाकलेल्या सायनला तो बसतच नाही, एका कोपऱ्यात जुळला की दुसऱ्या कोपऱ्यात सुटतो. आता आम्ही कागद दोन दिवस आधी मशीनच्या खोलीत आणून ठेवतो, दोन रंगांच्या मधे गठ्ठे प्लास्टिकने पूर्ण झाकतो आणि शक्य असेल तर चारही रंग त्याच दिवशी संपवतो. एवढ्यानेच खूप फरक पडला.

खरी परीक्षा मात्र केळीने घेतली. चोपड्याकडच्या एका रोपवाटिकेचं काम आलं, टिश्यू कल्चरच्या रोपांचं पॅम्प्लेट, मागे बागेचा फोटो. मला छापून चांगलं वाटलं, पण रोपवाटिकेचे आबा बघताक्षणी म्हणाले, ह्या पानांवर करपा रोग दिसतोय, असली रोपं कोण घेईल माझ्याकडून? मी भिंग लावून ठिपके बघितले तर पानांच्या हिरव्यात मॅजेंटाचे ठिपके जास्त पडले होते. मॅजेंटा हिरव्याचा उलटा रंग, थोडा जरी वाढला तरी हिरवा तपकिरीकडे जातो. तुम्हाला मला तो फक्त डल हिरवा दिसेल, केळी लावणाऱ्याला रोग दिसतो. तेव्हापासून पानाच्या हिरव्यात मॅजेंटा मी 10-15 च्या वर जाऊ देत नाही आणि शेतीचं प्रत्येक काम छापायच्या आधी शेतकऱ्यालाच दाखवतो.

त्यानंतर आम्ही स्वतःचा रंगांचा तक्ता छापला. आमच्या मशीनवर, आमच्या शाईने, 10-10 टक्क्यांच्या पायऱ्यांचे चौकोन, एक आर्ट पेपरवर आणि एक मॅपलिथो म्हणजे साध्या, चकाकी नसलेल्या कागदावर. दोन कागद का, तर मॅपलिथो शाई पितो, ठिपका पसरतो आणि तोच आकडा तिथे गडद आणि मळका येतो. शाईची बेरीज पण त्याच्यावर लिहून ठेवलीय, आर्ट पेपरला चारही रंग मिळून 300 टक्क्यांच्या वर नको, नाहीतर कागद वाळत नाही आणि वर पडलेल्या कागदाच्या पाठीला शाई लागते. गिऱ्हाईक आता स्क्रीनकडे बघत नाही, चौकोनावर बोट ठेवतं. तक्ता ट्यूबलाईटखाली दाखवायचा नाही, ओट्यावर दिवसाच्या उजेडात न्यायचा, आणि एरवी ड्रॉवरमध्ये ठेवायचा कारण उजेडाने रंग उडतो.

काही गोष्टी तरी होत नाहीत आणि ते मी आधीच सांगतो. साडीच्या दुकानदाराला मोबाईलमध्ये दिसणारा चमकता पोपटी, तो चार शायांत बसत नाही. सोनेरी तर नाहीच, आणि जळगावच्या सोन्याची सवय असलेल्या माणसाला पिवळा-तपकिरी मिसळून केलेलं सोनं चालत पण नाही. पत्रिकेवर सोनेरी पाहिजे तर वेगळी सोनेरी शाई किंवा फॉईल, त्याचे पैसे वेगळे. दोन-चार ऑर्डरी ह्यामुळे गेल्या, पण गेलेल्या बऱ्या.

क्लासचे सर अजून आमच्याकडेच छापतात. त्यांच्या निळ्याचे आकडे, सायन 100, मॅजेंटा 60, तक्त्याच्या मागे पेनाने लिहिलेत. बाबा आता मशीनवर उभे राहत नाहीत पण पहिला कागद त्यांच्या हातात गेल्याशिवाय आम्ही पुढचे काढत नाही. ह्या दिवाळीनंतर सेकंडहँड टू कलर मशीन बघायला जायचंय, कागद चारऐवजी दोनदाच काढावा लागेल. ती आली की तक्ता परत नव्याने छापावा लागेल, कारण मशीन बदलली की ठिपका बदलतो.