चुना तळ्यात टाकायचा की धुराड्यात?

अ‍ॅसिड रेन म्हटलं की आपल्याकडे लगेच ताजमहाल, शाळेपासून तेच डोक्यात बसलंय. पण मला विचाराल तर कॅनडातल्या सडबरीबद्दल एकदा वाचाच. खाणींचं गाव, निकेल आणि तांबं, आणि त्या खनिजात गंधक ठासून भरलेलं. सुरुवातीच्या काळात तिथे लाकडांच्या ढिगावर खनिज रचून उघड्यावर कित्येक आठवडे भाजत ठेवायचे, म्हणजे सल्फर डायऑक्साइडचा लोट थेट जमिनीलगत. झाडं काही सरपणात गेली, काही त्या धुराने मेली, मग माती वाहून गेली आणि उरले काळे पडलेले खडक.

तसा साधा पाऊसही थोडा आम्लीच असतो, पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5.6 च्या आसपास. पण सल्फर डायऑक्साइड आणि गाड्या-कारखान्यांचे नायट्रोजन ऑक्साइड हवेत गेले की त्यांचं सल्फ्युरिक आणि नायट्रिक अ‍ॅसिड होतं, आणि पीएच 4.6 वर आला तर आकड्यात एकच कमी दिसतो पण आम्लता दहापट झालेली असते!

1972 मध्ये तिथे 381 मीटर उंच धुराडं उभं राहिलं. गावातली हवा सुधारली हे खरंय, पण उंच धुराड्याने वायू कमी होत नाही हो, तो फक्त लांब जाऊन पडतो. जवळच्या किलार्नीच्या तळ्यांतले मासे तर त्याआधीच, 1960 च्या दशकात, संपत चालले होते. पाणी दिसायला एकदम नितळ, पण आम्लामुळे मातीतलं अ‍ॅल्युमिनियम सुटून पाण्यात येतं, माशांचे कल्ले खराब होतात, अंडी जगत नाहीत.

मग 1978 पासून लोकांनी, त्यात कॉलेजची कितीतरी मुलं, चुनखडीची पोती टेकड्यांवर वाहून नेऊन हाताने भुकटी पसरली, गवत पेरलं, नंतर झाडं लावली, आज तो आकडा 1 कोटीच्या वर आहे. मला हे वाचून खरंच भरून येतं. पण हे सगळं टिकलं कशामुळे तर कारखान्यांचा सल्फर डायऑक्साइड 90 टक्क्यांहून जास्त कमी केला म्हणून. नाहीतर चुना टेकडीवर टाका की तळ्यात, आम्लता तेवढ्यापुरती मरते, पाऊस तसाच राहिला की पुन्हा टाका.

तीच चुनखडी धुराड्याच्या आधी वापरता येते. चुनखडीचं पाणी धुरावर फवारायचं, गंधक त्यात अडकतं आणि जिप्सम तयार होतं. एफजीडी (फ्लू गॅस डिसल्फरायझेशन, म्हणजे धुरातलं गंधक काढणं) म्हणतात त्याला. आपल्या कोळशाच्या वीज केंद्रांसाठी डिसेंबर 2015 मध्ये सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेचा नियम आला, मग मुदती वाढत गेल्या आणि जुलै 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच दिली. आपल्या कोळशात गंधक कमी असतं असं सांगतात, ते खरंही आहे, पण आपण जाळतो किती ते पण बघा ना! मला हा निर्णय अजिबात पटलेला नाही. आपल्याकडची धूळ अल्कधर्मी असल्यामुळे पावसातलं आम्ल बरंचसं मारलं जातं म्हणून तळी मेलेली दिसत नाहीत, पण त्याच वायूपासून होणारे सल्फेटचे बारीक कण श्वासातून आत जातातच की.

पुणे आणि नागपूरला हवामान खात्याची केंद्रं कित्येक वर्षं पावसाचा पीएच मोजतायत. किती मिलिमीटर पडला हे पेपरात रोज येतं, त्याच्या शेजारी हाही आकडा छापायला पाहिजे.